पन्नाशीनंतर हाती लेझीम घ्या!

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपल्या सीमाभागातल्या घरांत दोनदा ऐकू येते, एकदा मराठीत आणि एकदा कानडीत. कानडीत ती 'कुणियलु बारदवळु नेल डोंकु अंदळंते' अशी आहे. अर्थ एकच, पण एक बारीक फरक पाहा. कानडी म्हणीत नाचता न येणारी ती बाई आहे. मराठी म्हणीत नाचणारा कोण हे सांगितलेलेच नाही, तरी ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे बाईच उभी राहते. पुरुषाने नाचायचे ते वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत, आणि तेही लग्न होईपर्यंत. पुढे मुले मोठी झाली की बापाने कडेला उभे राहून फक्त टाळ्या वाजवायच्या, असा आपला अलिखित नियम!

माझ्या पाहण्यात असे आले आहे की पन्नाशी उलटलेला पुरुष दोन गोष्टी घरात बोलत नाही. आपल्याला अजून नाचावेसे वाटते ही एक, आणि आपल्याला रात्री चार वेळा लघवीला उठावे लागते ही दुसरी. कानडीत लाजेला 'नाचिके' म्हणतात. मराठी 'नाच' आणि कानडी 'नाचिके' यांचे भाषाशास्त्रात काही नाते नसेल, पण आपल्या पुरुषांच्या बाबतीत दोन्ही शब्द शेजारी शेजारीच राहतात. या लेखात त्या दोन्ही न बोललेल्या गोष्टींविषयी एकत्रच बोलायचे आहे, कारण त्यांचा एकमेकींशी संबंध आहे. तो मला प्रथम समजला तो आपल्या गावापासून खूप दूर, ग्वाल्हेरला.

लष्करातली लेझीम

काही वर्षांपूर्वी एका उजळणी वर्गासाठी मी ग्वाल्हेरला तीन आठवडे होतो. ग्वाल्हेर आणि मराठी माणूस हे नाते जुने. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली आपली छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी कायम केली. त्या छावणीचे शहर झाले, आणि त्या भागाला आजही 'लष्कर' म्हणतात. फौजेबरोबर कारकून आले, भिक्षुक आले, गवई आले. जून १८५८ मध्ये झाशीच्या राणीने देह ठेवला तो याच शहरात. ग्वाल्हेर घराण्याची गायकी तर आपल्या मिरज-सांगलीपर्यंत पोचली. तानसेन समारोहाचा प्रारंभ आजही सनईबरोबर ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होतो. पिढ्यान्‌पिढ्या हिंदी मुलखात राहूनही तिथल्या मराठी घरांत गौरी-गणपती, पुरणपोळी आणि भजन टिकून आहे. त्यांच्या मराठीला हिंदीचा हेल, माझ्या मराठीला कानडीचा. त्यामुळे पहिल्याच भेटीत आम्ही एकमेकांना ओळखले. दोघेही सीमेवरचेच!

एका संध्याकाळी लष्करमधल्या एका जुन्या वाड्याच्या चौकातून लेझमीचा खळखळाट ऐकू आला. पोरे तयारी करत असतील असे वाटले. आत डोकावलो तर दहा-बारा पुरुष, सगळे पन्नाशीच्या पुढचे. एक-दोघे तर सत्तरीला टेकलेले. कोणी पायजमा-सदऱ्यात, कोणी पँटवर, एकाने धोतराचा काचा मारलेला. हलगीऐवजी एक जण उलट्या डब्यावर ताल धरत होता. चाल सावकाश होती. 'चार आवाज' झाले की थांबायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा सुरू. हसणे मात्र अखंड.

खेळ संपल्यावर त्यांतल्या एका निवृत्त शिक्षकांशी ओळख झाली. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागलो. ते म्हणाले, "अहो प्राध्यापक, तुम्हाला वाटत असेल म्हातारे गणपतीची प्रॅक्टिस करताहेत. ही आमची दवा आहे. कशाची, ते बाहेर चहा घेताना सांगतो."

चहाच्या दुकानात त्यांनी जे सांगितले ते असे. तरुणपणी गल्लीच्या लेझमीत ते पुढच्या रांगेत असत. पंचावन्नाव्या वर्षी एकदम यायचे बंद झाले. लोक म्हणाले, हेडमास्तर झाले, आता कशाला येतील? खरे कारण वेगळे होते. मिरवणूक तीन-चार तास चाले, आणि त्यांना तासाभरात लघवीला जावे लागे. रस्त्यात जागा नाही, आणि सांगायचे कोणाला? मग मिरवणूक सुटली, पुढे लग्नकार्ये सुटली, आळंदीची ठरलेली वारी सुटली. घरच्यांना वाटे, हे एकलकोंडे झाले. ते पाणीच कमी पिऊ लागले. एका हिवाळ्यात सर्दी झाली म्हणून दुकानातून गोळ्या आणून घेतल्या, आणि त्या रात्री लघवी पूर्ण अडली. ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे रिक्षाने दवाखाना गाठावा लागला. नळी घालून मूत्राशय मोकळे केले तेव्हा जीव भांड्यात पडला. प्रोस्टेट वाढल्याचे निदान झाले. गोळ्या सुरू झाल्या, आणि डॉक्टरांनी वजन कमी करायला व रोज चालायला सांगितले.

"चाललो की," काका म्हणाले, "पंधरा दिवस. एकट्याने चालायचा कंटाळा आला. मग डॉक्टरांना विचारले, लेझीम खेळली तर चालेल का? ते हसले आणि म्हणाले, हळूहळू सुरू करा, चक्कर आली तर बसा. तेव्हापासून खेळतो आहे. लेझमीने गाठ विरघळली असे मी म्हणत नाही हो. गोळी चालू आहेच. पण पोट कमी झाले, झोप लागते, आणि मुख्य म्हणजे आमच्यातल्या पाच जणांना हाच त्रास आहे हे मला या वाड्यात कळले. चौकाच्या कोपऱ्यात मोरी आहे, हे बघूनच जागा निवडलीय!"

नाव मोठे, ग्रंथी छोटी

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती कडे करून बसलेली. तरुण पुरुषात तिचे वजन साधारण २० ग्रॅम असते. वीर्यातील द्रवाचा एक भाग ती तयार करते. मराठीत तिला 'पुरःस्थ ग्रंथी' असा चांगला शब्द आहे. पुरःस्थ म्हणजे पुढे उभी असलेली, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. पण वर्तमानपत्रांत रूढ झाला तो 'पौरुषग्रंथी' हा शब्द. मला वाटते, अर्धे नुकसान या नावानेच केले. ग्रंथीच्या नावात पौरुष आले की तिची तक्रार म्हणजे पौरुषाचीच तक्रार असे वाटून माणूस तोंड मिटून घेतो. कान दुखला तर आपण सांगतो, गुडघा दुखला तर सांगतो. मग हिचेच काय?

वय वाढते तशी ही ग्रंथी बहुतेक पुरुषांत वाढते. पन्नास ते साठ या वयात जवळजवळ निम्म्या पुरुषांत सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ दिसते, ऐंशीनंतर दहातल्या आठ-नऊ जणांत. म्हणजे केस पिकण्यासारखीच ही गोष्ट. सगळ्यांना त्रास होतो असे नाही. ज्यांना होतो, त्यांची मूत्रनलिका आवळली जाते आणि मूत्राशयाला जास्त जोर लावावा लागतो.

डॉक्टर यासाठी सात प्रश्न विचारतात. गेल्या महिनाभरात लघवी पूर्ण झाली नाही असे किती वेळा वाटले? दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागले का? धार मध्येच थांबते का? घाई आवरत नाही असे होते का? धार बारीक झाली का? सुरू करायला जोर लावावा लागतो का? रात्री किती वेळा उठावे लागते? प्रत्येक उत्तराला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसच्या पुढे तीव्र. घरच्या घरी कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत ही परीक्षा देता येते. फक्त इथे जास्त गुण मिळाले म्हणून पेढे वाटायचे नाहीत, डॉक्टरकडे जायचे!

एक गैरसमज इथेच दूर करू. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचे रूपांतर कर्करोगात होते असेही नाही. प्रोस्टेटचा कर्करोग हा वेगळा आजार आहे. तो सुरुवातीला अनेकदा काहीच लक्षण दाखवत नाही. म्हणून पन्नाशीच्या सुमारास पीएसए या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलावे. वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग झाला असेल तर पंचेचाळिशीतच बोलावे.

हालचालीचा उपयोग किती आणि कसा?

आता मुद्द्याचे. नाचल्याने प्रोस्टेटला खरेच फायदा होतो का?

प्रथम जे ठाऊक आहे ते सांगतो. अमेरिकेत आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या तीस हजारांहून अधिक पुरुषांची दीर्घकाळ पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला दोन-तीन तास चालणाऱ्यांमध्ये वाढलेल्या प्रोस्टेटच्या त्रासाचे प्रमाण न चालणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. पळणे नव्हे, वजने उचलणे नव्हे, नुसते चालणे. इटलीत २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तरुण आणि मध्यमवयीन पुरुषांवर होता. ओटीपोटात व जांघेत जुनाट दुखणे असलेले, बैठे काम करणारे, औषधांनी समाधान न झालेले १०३ पुरुष त्यात होते. अर्ध्यांना अठरा आठवडे दम लागेल असा चालण्यासारखा व्यायाम दिला, अर्ध्यांना नुसते ताण देण्याचे हलके प्रकार. बरे दोन्ही गटांना वाटले, पण पहिल्या गटाचे दुखणे अधिक कमी झाले. प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या २,७०५ पुरुषांच्या २०११ सालच्या अभ्यासात आठवड्याला तीन तास किंवा अधिक जोरकस व्यायाम करणाऱ्यांत त्या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण, तासाभराहून कमी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ६१ टक्क्यांनी कमी दिसले.

आता दुसरी बाजू. पाहणीत दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. ज्याची तब्येत मुळात बरी तोच जास्त व्यायाम करतो, असेही असू शकते. प्रोस्टेट वाढून झालेल्या लघवीच्या त्रासावर व्यायाम हा उपचार म्हणून किती चालतो, याचा २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला. खात्रीने काही सांगावे इतका भक्कम पुरावा अजून नाही, असाच त्याचा निष्कर्ष निघाला. तेव्हा 'नाचा आणि प्रोस्टेट घालवा' असे कोणी सांगू लागला तर त्याच्या अंगणातून काढता पाय घ्यावा.

मग उपयोग कुठे? वाढलेले पोट, वाढलेली साखर आणि बैठे आयुष्य यांचा या त्रासाशी संबंध आहे, आणि हालचाल त्या तिन्हींवर काम करते. नियमित व्यायामाने शरीराचा ताण उतरतो. मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटमधले स्नायू आवळणाऱ्या नसाही ताणाच्या वेळीच जोरात असतात. तिसरी गोष्ट साधी आहे. दिवसभर बसून ज्यांचे पाय सुजतात, त्यांच्या पायांत साठलेले पाणी रात्री आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि लघवीवाटे बाहेर पडू लागते. संध्याकाळी पोटऱ्या हलवल्या की त्यातले बरेच झोपण्याआधीच निघून जाते. दुकानाच्या गल्ल्यावर, बँकेच्या खुर्चीवर किंवा आमच्यासारखे उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांपुढे बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चालण्यापेक्षा नाच का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचाही सराव करावा, असेही म्हटले. चालण्याने पहिले काम होते. नाचाने दोन्ही होतात, कारण नाचात एका पायावर यावे लागते, वळावे लागते, बसून उठावे लागते. शिवाय डोके जागे ठेवावे लागते. न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ व्यक्तींच्या पाहणीत (२००३) शारीरिक छंदांपैकी स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी ठळक संबंध दिसला तो नाचाचा.

पण सगळ्यांत मोठे कारण काकांनी सांगितले तेच. चालणे सुटते, नाच सुटत नाही. वाट पाहणारी माणसे असली की पाऊल आपोआप घराबाहेर पडते. कडू काढ्याचा कंटाळा येतो, पुरणपोळीचा येत नाही.

आणि आपल्याला नाच शिकायला बाहेर जायची गरज काय? आपल्या दोन्ही भाषांत पुरुषांचे नाच भरपूर आहेत. लेझीम मुळात व्यायामाचेच साधन. दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले जड धनुष्य तालमीत ओढत, त्या धनुष्याचे हे नाव. पुढे त्याला चकत्या आल्या, ताल आला, आणि तालमीतला व्यायाम गल्लीतला नाच झाला. १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडमध्ये सांगली जिल्ह्यातल्या लेझीमपटूंनी ती जगाला दाखवली. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगलीत सात हजारांहून अधिक जणांनी एकत्र लेझीम खेळून जागतिक विक्रम केला. त्यात मुख्यतः विद्यार्थी होते. त्यांच्या वडिलांनी काय कमी खाल्ले आहे?

ग्वाल्हेरलाच १९५७ साली, सत्तावन्नच्या उठावाच्या शताब्दीनिमित्त, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. आज ती लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते. आपल्या देशातल्या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात डंबेल्स आणि मुद्गलांच्या बरोबरीने लेझीमही आहे. म्हणजे शिक्षणशास्त्राने तिला व्यायाम म्हणून केव्हाच मान्यता दिली, मागे राहिलो ते आपण.

वारीतली पाउली पाहा. मृदंगाच्या ठेक्यावर दोन पावले पुढे, एक मागे, अंग सैल, हात मोकळे. वारकरी ज्ञानोबांच्या पालखीबरोबर सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो आणि वाटेत नाचतो, फुगडीही घालतो. तिथे साठीचा पुरुष फुगडी घालतो त्याला कोणी हसत नाही. विठोबा तर दोन्ही भाषांचा. पुरंदरदासांनी आपली मुद्रा 'पुरंदर विठ्ठल' अशी ठेवली, आणि हरिदास पायात गेज्जे बांधून, हातात तंबुरी घेऊन नाचत गात. धनगरांचे गजनृत्य आणि कुरुबांचे डोळ्ळु कुणित ही तर सख्खी भावंडे. एकीकडे बिरोबा, दुसरीकडे बीरप्पा. देव एकच, ढोल एकच. हे सगळे पुरुषांचे नाच आहेत आणि त्यांत मध्यमवयीन, वयस्क पुरुष मानाने उभे असतात. लाज नंतर आली, पांढरपेशा झालो तेव्हा.

सुरुवात कशी करावी?

ज्यांना हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघ्यांचा मोठा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबावे. बाकीच्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

पहिल्या आठवड्यात दहाच मिनिटे, मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवून अर्ध्या तासावर यावे. आठवड्यातून पाच दिवस झाले तर दीडशे मिनिटांचा हिशेब आपोआप बसतो. नाचताना शेजाऱ्याशी बोलता यावे पण गाता येऊ नये, इतकाच दम लागू द्यावा. सुरुवातीची पाच मिनिटे जागच्या जागी पावले टाकावीत, शेवटची पाच मिनिटे सावकाश व्हावे. फरशी ओली नसावी, पायात घट्ट बूट असावेत. गुडघे कुरकुरत असतील तर लेझमीतली बैठक सोडून द्यावी, उभ्याने खेळावे. उड्या मारण्याची हौस नातवंडांवर सोपवावी.

प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी रक्तदाब उतरतो, एकदम उठले की चक्कर येते. अशा गोळ्या घेणाऱ्यांनी वाकून झटक्यात उठण्याचे प्रकार टाळावेत. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी नाक मोकळे होते किंवा झोप येते, त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी लघवी अडू शकते. काकांचे तेच झाले. दुकानदाराला न विचारता डॉक्टरांना विचारा.

पाणी तोडू नये. दिवसा पुरेसे प्यावे, झोपण्याआधीचे दोन तास मात्र हात आखडता घ्यावा. संध्याकाळनंतर चहा-कॉफी कमी करावी. लघवी झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न केला तर मूत्राशय अधिक रिकामे होते. नाचून झाल्यावर बसून मूलबंधाचा सराव करावा. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतो, ते पाच अंक मोजेपर्यंत आवळायचे आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे, असे दहा वेळा. घाईने लघवी सुटत असेल तर याचा उपयोग होतो. ओटीपोटात कायम दुखत असेल तर मात्र हा प्रकार सल्ल्याशिवाय करू नये.

आणि कोणत्या वेळी नाच, काढा, मूलबंध सगळे बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा? लघवीतून रक्त गेले, थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण अडली, किंवा वजन उतरून कंबरेची हाडे सतत दुखू लागली तर. आज औषधे चांगली आहेत, दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रियाही सरावाची झाली आहे. उशीर हाच खरा शत्रू.

घरातल्यांसाठी दोन शब्द

या विषयात घरातल्या बायकांचे कान पुरुषांच्या तोंडापेक्षा शहाणे असतात. नवरा रात्री किती वेळा उठतो हे बायकोला ठाऊक असते. बाबा हल्ली लांबच्या लग्नाला का येत नाहीत, एसटीत खिडकीऐवजी दाराजवळची जागा का मागतात, सिनेमाला कडेचीच खुर्ची का लागते, हे सुनेच्याही ध्यानात येते. त्यावर विनोद करू नये. काकांची सात वर्षे घरच्या मंडळींनी 'एकलकोंडे झाले' म्हणून सोडून दिली. त्या सात वर्षांत एका भाचीचे लग्न होते आणि एका सख्ख्या भावाची साठीशांत होती. ते दोन्हीकडे गेले नाहीत. हे सांगताना त्यांनी चहाचा कप खाली ठेवला होता, आणि मला एवढेच म्हणाले, "रोगाने माझे काही नेले नाही हो, लाजेने नेले."

मराठीत बोलायला जड जात असेल तर कानडीत बोला, कानडीत अवघड वाटत असेल तर मराठीत. दोन भाषा असण्याचा एवढा तरी फायदा घ्यावा! आईच्या भाषेत जी गोष्ट ओठांवर येत नाही ती कधी कधी शेजारच्या भाषेत सहज सांगता येते.

आपल्या भागातल्या गणेश मंडळांना एक विनंती. यंदा तालमी सुरू होतील तेव्हा पोरांच्या आधी अर्धा तास पन्नाशीपुढच्यांसाठी ठेवा. डॉल्बी बंद, हलगी चालू. लेझीम हलकी असू द्या, पावले सोपी असू द्या. आणि मिरवणुकीचा मार्ग ठरवताना, आरतीची ठिकाणे जशी आखता, तशी वाटेत दोन-तीन ठिकाणी स्वच्छतागृहाची सोय करा आणि त्याची पाटी दोन्ही भाषांत लावा. कडेला टाळ्या वाजवणाऱ्यांतले किती जण त्या एका पाटीसाठी अडून राहिले होते, ते विसर्जनाच्या दिवशी रांगेत दिसेल.